निळ्या फाटकाचा पत्ता

१

पिंप्राळ्यातल्या त्या गल्लीत नवं मांजर शिरलं, तरी ते कोणाकडचं हे बेबाबाईला दुपारपर्यंत कळलेलं असायचं. तिचं अंगण दोन खाटा मावतील एवढं. पण ते झाडायला तिला तास लागायचा, कारण हात खराट्यावर आणि मान गल्लीत. शिक्षण सातवीपर्यंत, पण कोणाच्या सुनेचं माहेर कुठलं आणि कोणाच्या जावयाला कोणती भाजी चालत नाही, हे विचारावं तर तिलाच.

लोक तिला भोचक म्हणत आणि चहाला तिच्याकडेच येत. तिच्या दारातून कोणी कोरडं गेलं नाही. कुरिअरवाला असो की गॅसवाला, घोटभर चहा घेऊनच जायचा. निघाला की बेबाबाई पदर सावरत गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला जायची आणि वळणावर म्हणायची, "परत या बरं का!"

तिचा नवरा योगराज मात्र दुसऱ्या मातीचा. एसटीच्या डेपोतून निवृत्त झाला, तो जणू घरातूनही निवृत्त झाला. सगळे त्याला नाना म्हणायचे. नाना न्हाव्याच्या दुकानापलीकडे कुठे जायचा नाही, कोणाशी बोलायचा नाही. पाहुणा निघाला तरी पेपरातून डोकं वर काढायचा नाही. परवाच शेजारच्या मयुरीचे आईवडील जामनेरहून आले, चहा पिऊन निघाले, तर हा गप्प.

दोघं मूळचे धुळ्याकडचे. बाहेर कशीही बोलली तरी घरात अहिराणीच चालायची.

"एक शब्द नही निंघना तुमना तोंडमातून! 'परत या' म्हनाले काय पैसा पडतंस?"

"तू म्हनस ना. मी कसाले?"

"आयुष्यमा एकदाव तरी म्हना. मी पेढा वाटसू पुरी गल्लीमा!"

नाना पेपरामागे हसला. विषय तिथंच संपला.

२

सहलीची कल्पना मयुरीची. तिने मोबाईलवर वाचलं होतं. सातपुड्यात, पाल गावाच्या पुढे एका पावरा आदिवासींच्या वस्तीने आपल्या डोंगरातल्या जुन्या पायवाटा पाहुण्यांसाठी खुल्या केल्या आहेत. गावचीच माणसं वाट दाखवतात. वर एक कपार आहे. तिथे खडकावर शेकडो वर्षांपूर्वीचे हातांचे ठसे आहेत, लाल रंगाचे.

"कोणाचे हात गं?" बेबाबाईने पहिला प्रश्न हाच विचारला.

"ते कसं सांगणार काकू? जुन्या लोकांचे."

"नाव-गाव काही तरी असेल की!"

महिला मंडळाच्या बायका लगेच तयार झाल्या. मयुरीच्या नवऱ्याकडे, हितेंद्रकडे, क्रूझर होती. नानाला विचारलं, तर तो म्हणाला, "दगडे देखाले इतलं दूर कसाले? माले कोठेच जावानं नही."

बेबाबाईला आदल्या रात्री झोप नाही. पुऱ्या झाल्या, चटणी झाली, शेव बांधून झाली. पहाटे ती सगळ्यांच्या आधी गाडीत बसली, खिडकीशी, ऐसपैस. एका बाजूला पिशवी, दुसऱ्या बाजूला उशी, मांडीवर डबा. सावद्याच्या अलीकडे केळीच्या बागा सुरू झाल्या, तशी ती लहान पोरीसारखी काचेला चिकटली. शेजारी बसलेल्या लताबाईला म्हणाली, "माय वो! किती वर्षं झाली गं आपण असं निघून!"

३

वस्तीवर त्यांना रायली भेटली. रायली पावरा, तिशीतली, साडीवर जॅकेट, गळ्यात शिट्टी. हसरी आणि तोंडाने तिखट. बेबाबाईने अर्ध्या चढणीतच तिचं सासर, माहेर, पोरांची नावं आणि मोबाईल नंबर काढून घेतला.

"अक्का, तुम्ही पोलिसात होता का?" रायलीने विचारलं. बायका हसून हसून खाली बसल्या.

वाट सागातून जायची, मग मोहाच्या झाडांतून. एका वळणावर पानांचा मोठा ढीग होता. खालची पानं कुजून माती झालेली, वरची हिरवीगार. जो जातो तो एक डहाळी टाकतो, म्हणून सगळ्यांनी टाकली. पुढे कपारीच्या आधी मोकळी जागा होती. तिथं गेलेल्या माणसांच्या आठवणीचे उभे दगड रोवलेले. कोणावर घोडेस्वार कोरलेला, कोणावर नुसते चंद्र-सूर्य. रायलीने चपला काढायला लावल्या आणि हसणं बंद केलं.

"इथं भिंतीला हात लावायचा नाही. आणि निघताना काही बोलायचं नाही. 'येतो' नाही, 'या' नाही. मुकाट्याने निघायचं."

"हे काय गं? तुमच्याकडे पाहुणचाराची रीत नाही का?" बेबाबाई म्हणाली.

"पाहुणचाराचीच रीत आहे अक्का. म्हणून तर."

कपार एखाद्या ओसरीसारखी होती. वरचा खडक छपरासारखा पुढे आलेला, खाली सारवल्यासारखी गुळगुळीत जमीन. आणि भिंतभर हात. गेरूच्या रंगाचे, मोठे, छोटे. एक तर इतका खाली आणि इतका इवलासा, की कडेवरून उतरवलेल्या पोराचा असावा. बेबाबाई हरखून गेली. कोणाच्या तरी घरात शिरून भिंतीवरचे फोटो पाहावेत, तशी ती एकेक हात निरखत राहिली.

तेवढ्यात तिला एक गोष्ट जाणवली. तिथं शांतता होती, पण ती रानातली शांतता नव्हती. ही शांतता तिच्या चांगल्या ओळखीची होती. आपण कोणाच्या दारात जाऊन उभं राहावं आणि आत चाललेलं बोलणं एकदम थांबावं, तशी.

तिला भीती वाटली नाही. तिला वाटलं, काय बरं बोलत असतील?

बायका निघाल्या. बेबाबाई सगळ्यांच्या मागे राहिली, तिच्या चपलेचा अंगठा अडकत होता. वाकून चप्पल घालताना तिची नजर पुन्हा त्या इवल्याशा हातावर गेली. इतका वेळ कोणाच्या घरी थांबायचं आणि तोंड फिरवून निघायचं? जन्माची सवय. शब्द जिभेवर आले आणि बाहेरही पडले.

"बरं, निघते हं. या एकदा आमच्याकडे चहाला. जळगावला, पिंप्राळ्यात. मारुतीच्या देवळामागची गल्ली, निळं फाटक. कोणालाही विचारा, बेबाबाई कुठे राहते."

मग जीभ चावून तिने पुढे पाहिलं. रायली बरीच पुढे गेली होती. तिने ऐकलं नव्हतं.

४

परतताना गाडीत दाटी झाली.

जाताना ऐसपैस बसलेल्या बायका आता एकमेकींच्या मांड्यांवर. बेबाबाईची पिशवी पायाखाली गेली, उशी डोक्यावर.

"सरक ना गं लते!"

"मी कुठे सरकू? मीच अर्धी लटकतेय!"

"तुझी सीताफळं बसली असतील."

"सीताफळं टपावर आहेत!"

सगळ्या खिदळत होत्या. बेबाबाईसुद्धा. तिच्या डाव्या अंगाला ऊबदार असं काहीतरी टेकलं होतं. लताबाईच असणार, असं ती धरून चालली. सावद्याला गाडी थांबली तेव्हा ती आळस द्यायला वळली. लताबाई तिच्या उजवीकडे होती.

चहाच्या टपरीवरचा माणूस ट्रे घेऊन आला, तसा हितेंद्र त्याच्यावर उखडला. "भाऊ, एवढे कप कोणाला? आम्ही इतकेच."

टपरीवाल्याने गाडीच्या मागच्या काचेकडे हनुवटी केली. "मागे बसलेत त्यांना नको का?"

मागे कोणी नव्हतं. हितेंद्रने जास्तीचे कप परत केले. टपरीवाला पुटपुटत गेला. बेबाबाईने चहा फुंकत स्वतःची समजूत काढली. काचेत केळीचे ट्रक दिसले असतील त्याला. ऊन उतरतं तेव्हा काच फसवते.

घरी आल्यावर तिने नानाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. फक्त शेवटचं निमंत्रण सांगितलं नाही. दगडांना चहाला बोलावून आली म्हटलं असतं, तर त्याने जन्मभर चिडवलं असतं. नाना दिवाणावर बसून ऐकत होता. दिवाण रिकामा, आणि हा एका कोपऱ्यात अंग चोरून.

"असा दाटीसन काबं बसनात?"

नाना टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला, "जागा कोठे शे?"

चेष्टा करतोय, असं तिला वाटलं. नाना चेष्टा करत नाही, हे तिला झोपताना आठवलं.

५

सकाळी ती अंगण झाडत होती, तर मयुरी शेजारच्या ओट्यावरून म्हणाली, "काकू, पाहुणे आलेत वाटतं तुमच्याकडे?"

बेबाबाईचा खराटा थांबला. हा प्रश्न गल्लीत विचारायचा तो तिने. तिला कोणी विचारल्याचं तिला आठवत नव्हतं.

"कोण पाहुणे?"

"आता मला काय माहीत! भिंतीतून बोलणं ऐकू येत होतं पहाटेपासून. बायका होत्या, एक लहान पोरगंही होतं. मी हितेंद्रला म्हटलं, काकूंकडे मोठा गोतावळा आलाय. काय बोलत होत्या ते कळलं नाही पण. गावाकडचे का?"

"हो," बेबाबाई म्हणाली. का म्हणाली, तिचं तिला कळलं नाही.

आत येऊन ती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. चटई, ओटा, माठ. सगळं जिथल्या तिथं. पण आत पाऊल टाकताच शांत झालं होतं. आता, या क्षणी शांत झालं होतं. कपारीत झालं होतं तसंच.

कोणाला खोटं वाटेल, पण पहिल्यांदा तिला आला तो राग. "मन्हा घरमा पाहुना, अनी मालेच पत्ता नही!" आणि रागाच्या पाठोपाठ जत्रेतल्या पाळण्यातली मजा. भीती म्हणावी तर भीती, आनंद म्हणावा तर आनंद. आले की खरंच! बोलावलं आणि आले!

मग तिने माठातलं पाणी घेतलं आणि तिचं लक्ष माठाच्या बुडाशी गेलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर, पोराने तोल सावरायला टेकवावा तसा, एक इवलासा लाल हात.

तिने रायलीला फोन लावला.

६

"अक्का! पोचलात नीट?" मागे कुकर आणि कोंबड्यांचा आवाज होता.

"रायली, एक विचारू? कोणी... म्हणजे समज, कोणी चुकून..."

"बोललात ना तुम्ही निघताना?"

बेबाबाईने आधी दार लोटून घेतलं.

"काय बोललात?"

"चहाला बोलावलं."

"पत्ता दिला?"

"...निळं फाटक म्हटलं."

रायलीने उसासा टाकला. पण ती चिडली नाही. "घाबरू नका. वाईट नाहीत ते, आमच्या घरचेच आहेत. बोलावलं की येतात, त्यात त्यांचा काय दोष? आता पाहुण्यासारखं करा. चहा द्या, रिकामं पाठवू नका. दुपार कलली की निघतील. टोकापर्यंत सोडायला जा. फक्त एक. 'परत या' म्हणायचं नाही. तुम्ही नाही, घरातल्या कोणीही नाही."

"आणि म्हटलं तर?"

कुकरची शिट्टी झाली. ती संपेपर्यंत रायली थांबली.

"दुसऱ्यांदा बोलावलं की परत निघताना ते एकटे जात नाहीत. पाहुणचाराची फेड करतात, आपल्याकडे घेऊन जातात. आमच्या वस्तीत एक घर आहे अक्का. भांडी अजून चुलीजवळच आहेत. कोणी हलवत नाही."

फोन ठेवून बेबाबाईने नानाला शोधलं. त्याला सांगायला हवं होतं, ती सांगणारही होती. पण नाना दाढी करायला न्हाव्याकडे गेला होता. तिथं तो एकदा खुर्चीत बसला की संध्याकाळच करायचा. बरंच झालं, असं तिला वाटलं. तो घरात नसेल तर बोलेल कसा? आणि घरात असला तरी, पाहुण्याला 'परत या' म्हणण्याच्या बाबतीत जगात सगळ्यात भरवशाचा माणूस तोच होता.

७

असा चहा तिने कोणासाठी केला नव्हता. आलं ठेचून, गवती चहाची पात घालून, दूध हात आखडता न घेता. लेकीच्या लग्नातले सोनेरी काठाचे कप काढले. चटई झटकून घातली, ताटलीत शेव-चिवडा ठेवला. ओठांवर गाणं होतं. उगाच नाही तिला गल्लीत मान.

"बठा," ती रिकाम्या चटईला म्हणाली. "लाजू नका. घर आपलंच समजा." मग एकदम घाबरून पुढे म्हणाली, "म्हणजे... आजच्यापुरतं."

कप मांडून ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. पाहुणा खात असताना टक लावून बघू नये म्हणतात. आजवर तिने हे कधी पाळलं नव्हतं. आज मानेची शीर ताठ करून पाळलं.

मनात एक शहाणी बाई सारखी बोलत होती. बेबे, तुला वेड लागलंय. मयुरीने टीव्ही ऐकला असेल. माठाला कुंकवाचा हात तुझाच लागला असेल. मागे वळ. कप भरलेले असतील, साय धरलेली असेल, आणि तू हसशील.

मागे चहाचा फुरका ऐकू आला.

मग दुसरा. मग शेव चावल्याचा आवाज, आणि कोणीतरी लहान पोराला दबक्या आवाजात दटावलं. शब्द कळला नाही. पण दटावणं कळलं. 'एवढं घेऊ नये' हे कोणत्याही भाषेत कळतं. बेबाबाईचे डोळे भरून आले. "घेऊ द्या हो," ती न वळता म्हणाली, "लेकरू आहे."

बऱ्याच वेळाने कप बशीवर टेकल्याचे आवाज थांबले. चटईवर अंग उचलल्याची सरसर झाली. ती वळली. कप रिकामे होते. प्रत्येकाच्या काठाला बारीक लाल धूळ.

८

नोव्हेंबरचं उतरतं ऊन. गल्ली आडवी झोपलेली, दूर पिठाच्या गिरणीचा पट्टा तेवढा चालू. बेबाबाई पदर घेऊन फाटकाबाहेर पडली आणि चालू लागली. इकडे तिकडे पाहिलं नाही. शेजारून अनवाणी पावलांची धूळ उडत होती, तेवढं पायांना जाणवत होतं.

देवळामागची लांबलचक भिंत चुन्याने रंगवलेली. त्या भिंतीवर तिची सावली पडली होती, उंच, पदर घेतलेली. आणि तिच्या पुढे-मागे आणखी सावल्या. डोक्यावर काहीतरी घेतलेली बाई. काठी टेकत वाकून चालणारी. एक कडेवर पोर घेतलेली. पोराच्या सावलीने मागे वळून हात हलवला.

टोक आलं. सावल्या वळणाशी थांबल्या. पाहुणे थांबतात तशा. निरोप देणाऱ्याने शेवटचं बोलावं म्हणून.

शब्द तिच्या घशात आले. पन्नास वर्षांची सवय जिभेवर नाचत होती. बेबाबाईने पदराचा बोळा दातांत धरला आणि कचकचून चावला. डोळ्यांतून पाणी, आणि आतून हसू फुटत होतं, की जमतंय, बेबे, जमतंय! एक सावली वळणाआड गेली. दुसरी गेली. पोर घेतलेली गेली.

भिंत पांढरीस्वच्छ झाली.

तिने पदर सोडला आणि पोटभर श्वास घेतला. आता नानाला सांगायचं. आज चिडवू दे किती चिडवायचं ते! ती वळली.

नाना फाटकाशी उभा होता. गुळगुळीत दाढी, गालावर पावडर, अंगात इस्त्रीचा सदरा. इतका खूश तिने त्याला नोकरी लागली तेव्हाही पाहिला नव्हता. तो तिच्यामागे, वळणाकडे पाहत होता. हात उंच करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला,

"परत या बरं का!"

गिरणीचा पट्टा थांबला.

"देख," नाना तिच्याकडे येत म्हणाला, "आज म्हनं ना मी! न्हाव्याकडथीन उनू, तर तू सोडाले चालनी होतीस इतला मानसेसले. चांगला मानसे शेतस. आते वाट पेढा!"

बेबाबाईच्या मागे, वळणाच्या पलीकडे, धुळीत पावलं थांबली होती. मग ती परत फिरली. सावकाश नाही. बोलावलेल्या माणसाची चाल असते, तशी आनंदाने.

नाना कान देऊन ऐकत होता. तोंडभर हसत. "ऐकं का? त्या आपलेबी बलाई राह्यनात." तो पायांकडे पाहू लागला. "मन्ही नवी चप्पल कोठे शे वो? पल्ला दूरना शे ना?"

बेबाबाई धावली. तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, घट्ट, बांगड्या रुततील इतकं. मनगट ऊबदार होतं, नाडी चालू होती. सोडणार नव्हती ती. काहीही झालं तरी सोडणार नव्हती.

मग तिने भिंतीकडे पाहिलं.

चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर सावल्या निघाल्या होत्या. काठीवाली, डोक्यावर ओझं घेतलेली, पोराला कडेवरून उतरवलेली. त्यांच्या मधोमध, पोराचं बोट धरून, इस्त्रीचा सदरा घातलेली एक सावली, लांब लांब टांगा टाकत. आणि सगळ्यांच्या मागे एका बाईची सावली, दोन्ही मुठी आवळून उभी. तिच्या मुठींत काहीच नव्हतं.